परळचं बावखल

वसईजवळच्या निर्मळच्या वाडीत पावसाळ्यात बावखलाकडे कुणी फारसं बघत नाही. घरामागचं लहानसं तळं ते. काठाला केळी, वर माडाची सावली, पाण्यावर शेवाळाची साय. त्याची किंमत कळते वैशाखात. समुद्र जवळ असल्यामुळे विहिरी मचूळ व्हायला लागतात, तेव्हा ज्या वाडीत बावखल राखलेलं असतं तिथल्या विहिरीचं पाणी गोड राहतं. वाडवडिलांनी ही तळी खणली, वर्षानुवर्षं त्यांतला गाळ काढला. आमच्या डोळ्यांदेखत त्यांतली कितीतरी भराव टाकून बुजवली गेली, आणि आता टँकरची वाट बघताना ती आठवतात.

साथीच्या रोगांसाठी महाराष्ट्राकडेही असं एक जुनं बावखल आहे. परळची हाफकिन संस्था. इथं एका सरकारनं आपला राजवाडा परदेशी शास्त्रज्ञाच्या हाती दिला आणि जगभरच्या विद्येला दार उघडलं. रोगाशी लढायचं तर परक्यांशीही हात मिळवावा लागतो, हे या वास्तूला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे.

हे बावखल मात्र खणलं गेलं तहान लागल्यावर. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाची गाठ पाहून प्लेगचं निदान केलं. बघता बघता शहर ओस पडू लागलं. माणसं बोटीनं, आगगाडीनं, पायी गावाकडे निघाली. तिकडे युरोपातली बंदरं मुंबईच्या मालाला घाबरली. १८९७च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला इथं साथरोग कायदा आला. त्यानं अधिकाऱ्यांना घरं तपासण्याचे, प्रवासी अडवण्याचे, जत्रा-यात्रा थांबवण्याचे अधिकार दिले. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं पुन्हा हाती घेतला तो हाच कायदा.

कायदा आला तो धाक घेऊन. लोकांनी माणसं लपवली, प्रेतं लपवली. पण त्याच महिन्यांत मुंबईत आणखीही काही चाललं होतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया यांनी आपले वैद्यकीय अभ्यासगट इथं पाठवले. रॉबर्ट कॉख स्वतः आले. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये शोधणारे अलेक्झांडर येरसँ आपलं सीरम घेऊन आले. आणि ऑक्टोबर १८९६पासूनच ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेला ज्यू संशोधक कामाला लागला होता. जागा म्हणजे एक खोली आणि एक ओवरी. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

लस कशी तयार झाली हे मला फार मोलाचं वाटतं. मांसाच्या रशात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. लोकांच्या श्रद्धा दुखावू नयेत म्हणून हाफकिननं बकऱ्याचं मांस वापरलं. रशावर तूप तरंगत ठेवलं. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत, गुहेच्या छतावरून चुनखडीच्या काड्या उतरतात तसे. ते हलवून पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, मग उष्णतेनं मारायचे आणि त्यात थोडं कार्बोलिक आम्ल मिसळायचं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

पद्धत पॅरिसमध्ये शिकलेली, तूप इथलं, पैसा प्रांतिक सरकारचा. आगा खान यांनी आपला माझगावचा खुश्रू लॉज प्रयोगशाळेला दिला आणि खोजा समाजाला लशीसाठी पुढे आणलं. सर्वांत मोठा वाटा होता तो दंड पुढे करणाऱ्या सामान्य माणसांचा. ज्या सरकारच्या माणसांनी घरात घुसून झडती घेतली, त्याच सरकारची सुई टोचून घ्यायला त्यांना केवढं धैर्य लागलं असेल!

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. या वास्तूची मुळं आम्हा वसईकरांना परकी नाहीत. वसईच्या किल्ल्यातून पोर्तुगीज या भागावर राज्य करत होते त्या काळातला हा ख्रिस्ती मठ. पुढे इंग्रजांनी घेतला आणि तिथं गव्हर्नर राहू लागले. १८८२मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन याच घरात पटकीनं गेल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. साथीनं रिकामं केलेलं घर सतरा वर्षांनी साथीशी लढायला उघडलं. १९२५पर्यंत इथून दोन कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या. त्याच वर्षी संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं.

ते नाव मिळण्याआधी त्या माणसानं फार सोसलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती, बाटली क्रमांक ५३-एन. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीच्या कागदांतच होतं. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी त्याची बाजू लावून धरली, आणि १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. लस कितीही चांगली असली तरी गावच्या ओट्यावर ती कुणाच्या हातात आहे, त्या हाताला काय शिकवलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आज या संस्थेच्या नावात संशोधन आणि चाचणीच्या जोडीला 'प्रशिक्षण' हा जो शब्द आहे, तो मला दागिन्यासारखा वाटतो.

इथंच ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो हे प्रयोगांनी पक्कं केलं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत १८९८मध्ये हेच सुचवलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी ऐकलं नव्हतं. पुढे साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. स्वातंत्र्यानंतर ते जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक म्हणून जिनिव्हाला गेले. पन्नास वर्षांपूर्वी जगानं मुंबईकडे माणसं पाठवली होती, आता मुंबईनं जगाकडे माणूस पाठवला.

१९७५मध्ये कामाची वाटणी झाली. संशोधन संस्थेकडे राहिलं आणि लशी व औषधं बनवण्याचं काम राज्य सरकारच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेलं. सर्पदंशावरचं प्रतिविष इथलंच. पण घराघरात हाफकिन पोहोचलं ते पोलिओच्या डोसातून. परदेशातून आलेला मूळ द्रव परळला मिसळायचा, तपासायचा, बाटल्यांत भरायचा. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आणि युनिसेफची खरेदी, या दोन्हींमुळे महाराष्ट्र सरकारच्या कारखान्यातली बाटली देशाबाहेरही गेली. त्या बाटलीवर एक वर्तुळ असतं, त्यात फिका चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका काळवंडला की बाटली टाकून द्यायची. फारसं शिकलेली नसली तरी बूथवरची ताई हे एका नजरेत ओळखते. तिच्या गळ्यातली लस-पेटी, तिच्यातले बर्फाचे पॅक आणि बाळाच्या नखावरची शाईची खूण, या सगळ्यांनी मिळून पोलिओ हटवला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

आज जगाशी असलेलं हे नातं अधिक बारीक धाग्यांनी विणलेलं आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं २००४मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता. नर्सताई किंवा आशाताई ताप, जुलाब, कावीळ यांची नोंद करते. दवाखाना संशयित रुग्ण कळवतो, प्रयोगशाळा नक्की झालेले. नोंद जिल्ह्याला जाते, तिथून राज्याला, मग दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राला. जगाला धोका दिसला तर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार चोवीस तासांत जिनिव्हाला. करारावर सही देशाची असते, पण आरोग्य हा आपल्या राज्यघटनेत राज्याचा विषय आहे. ताप वसईतल्या एखाद्या चाळीत येतो आणि पहिली नोंद तिथलीच ताई करते. जिनिव्हाच्या पडद्यावरचा ठिपका तिच्या वहीतून निघालेला असतो. ती वही रिकामी राहिली, तर कुठल्याच जागतिक भागीदारीला काही दिसत नाही.

२०२१मध्ये करोनाची दुसरी लाट उसळली तेव्हा भारत बायोटेकच्या तंत्रज्ञानानं कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी हाफकिन महामंडळाला मिळाली. कृती मिळाली, पैसे जाहीर झाले, कुशल माणसं होती. पण जिवंत विषाणू हाताळायला लागणारी उच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा तयार नव्हती, ती उभारायला काही महिने लागणार होते. माणसं प्राणवायूसाठी वणवण करत होती तेव्हा ज्या घरानं प्लेगला अडवलं होतं, त्या घराला आधी भिंती बांधायच्या होत्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं. दुसऱ्याकडून विद्या मिळते, मदत मिळते, सल्ला मिळतो. तो झेलायला आपलं भांडं मात्र घासूनपुसून तयार लागतं. गाळ न काढलेल्या बावखलात कितीही पाऊस पडला तरी पाणी किती साठणार?

निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते. सरोवराकाठी गावोगावची माणसं जमतात. गर्दीतून चालताना मला नेहमी जवळचं भुईगाव आठवतं. तिथं १९५६ साली सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. सोपाऱ्यात १८८२ साली एक मिळाला होताच. याच लेखमालेतल्या दुसऱ्या लेखात अशोक सांगतो, की त्यानं माणसांच्या आणि जनावरांच्या उपचाराची सोय केली, ती आपल्या राज्यात तर केलीच, शेजारच्या चोळ-पांड्यांच्या आणि पलीकडच्या यवन राजाच्या देशातही केली. जिथं औषधी वनस्पती नव्हत्या तिथं त्या पाठवून लावल्या. आणि त्याच लेखात पुढे म्हटलं आहे, की रस्त्याकडेला विहिरी खणल्या.

औषध आणि विहीर एकाच दगडावर. सोपारा तेव्हा दूरदेशीच्या गलबतांचं बंदर होतं. माल येई तसे आजारही येत असतील. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कोरलेली ती मालिका आज तुकड्यांत उरली आहे. परळचं हाफकिन मात्र अजून उभं आहे. त्याला पैसा हवा, तरुण शास्त्रज्ञ हवेत, तयार प्रयोगशाळा हव्यात, आणि आज कुठलीही साथ नसताना हव्यात. आमच्याकडे बावखलाचा गाळ उन्हाळ्यात काढतात, आभाळात एकही ढग नसतो तेव्हा.