नदीतून की नळीतून? पवनेच्या काठाचा हिशेब

पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी पुरवणारे पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले. लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्या कुशीतल्या या धरणात सुमारे साडेआठ टीएमसी उपयुक्त साठा होतो. पण ते पाणी शहरापर्यंत पोचते कसे, हे शहरातल्या दहा जणांना विचारून पाहा. बहुतेक जण ‘पाइपमधून’ असे सांगतील. प्रत्यक्षात धरणातून सोडलेले पाणी पवनेच्या पात्रातूनच वाहत येते. काले-पवनानगर, येळसे, शिवणे, बेबडओहोळ, गहुंजे अशी गावे ओलांडून ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी येते. तिथे महापालिका ते उचलते आणि निगडीला शुद्ध करते.

वाटेत हे पाणी बरीच कामे करते. काठावरच्या मोटारी ते उसाला, भाजीपाल्याला आणि गुलाबाच्या पॉलिहाऊसना देतात. ग्रामपंचायतींच्या पाणीयोजना त्यावर चालतात, काठच्या विहिरींना पाझर मिळतो, गुरे पाणी पितात, मासे जगतात. यांतल्या कुणासाठीही ते मुद्दाम सोडलेले नसते. शहराकडे निघालेले पाणी जाता जाता काठ जगवते.

शहराचे हे पाणी धरणापासून थेट बंद जलवाहिनीतून न्यावे, अशी सुमारे ३५ किलोमीटरची योजना महापालिकेने आखली. तिला मावळात विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. काम थांबले. ‘जैसे थे’चा आदेश राज्य सरकारने २०२३ साली उठवला, तरी प्रश्न मिटला नाही. या वादावर आजवर जे बोलले गेले त्यात संताप पुष्कळ आणि आकडे थोडे, अशी माझी तक्रार आहे. मी अभियंता नाही. नारळ पात्रात सोडून, घड्याळ लावून प्रवाहाचा वेग मोजायला पुस्तकातून शिकलेला माणूस आहे. पण हा हिशेब कुणालाही करता येण्याजोगा आहे.

रावेतला शहर रोज सुमारे ५० कोटी लिटर पाणी उचलते. म्हणजे दर सेकंदाला साधारण ५,८०० लिटर. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर उरलेल्या २४० दिवसांत हे १२,००० कोटी लिटर होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. या हिशेबाने धरणातले सव्वाचार टीएमसी, म्हणजे अर्धा साठा, कोरड्या महिन्यांत नदीतून खाली जातो. तो नळीत घातला की धरण ते रावेत या टप्प्यातून सेकंदाला ५,८०० लिटर वजा झाले. शेतीच्या वाट्याचे पाणी नंतरही नदीत सोडले जाईल, असे मानू. पण ते आवर्तनाने येणार, दोन आवर्तनांमधले दिवस कोरडे जाणार. उसाला हे चालून जाईल. रोपवाटिकेला आणि माशाला नाही चालत.

नळीच्या बाजूने पहिला मुद्दा गळतीचा. नदीत पाणी वाया जाते, असे म्हणतात. किती? नदीची वळणे धरून अंतर ४० किलोमीटर, पात्राची सरासरी रुंदी ४० मीटर आणि भर उन्हाळ्यातले बाष्पीभवन दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर रोज सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. ५० कोटींतले अडीच टक्के. माझे कुठलेही एक गृहीतक कुणी दुप्पट केले तरी आकडा पाच टक्क्यांच्या आसपास थांबतो. बाकीची ‘गळती’ म्हणजे कुणाच्या विहिरीतला पाझर नाहीतर कुणाच्या मोटारीचा उपसा. त्यातला विनापरवाना उपसा वेगळा काढून त्यावर कारवाई करा, हे रास्तच. पण शेजाऱ्याच्या विहिरीत गेलेल्या पाण्याला वाया गेले म्हणणे हिशेबाला धरून नाही.

दुसरा मुद्दा शुद्धतेचा, आणि तो खरा आहे. धरणालगतचे पाणी स्वच्छ. खाली गहुंजे-किवळे बाजूला वस्ती वाढते आहे, सांडपाणी वाढते आहे. मैलापाणी मिसळलेले पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा वरूनच चांगले पाणी आणावे, हे शहरातल्या माणसाचे म्हणणे मला गैर वाटत नाही. त्याच्याही घरात लहान मुले आहेत.

मात्र याच मुद्द्याच्या पोटात एक गोष्ट दडली आहे. रावेतच्या खाली पवनेचे काय होते ते पाहा. रावेत ते दापोडी हा टप्पा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. नदी तीच, महापालिकाही तीच. फरक एवढाच की शहर रावेतच्या वरचे पाणी पिते आणि खालचे पीत नाही. आज वरच्या भागात कुणी मैलापाणी सोडले तर शहराच्या पोटात दुखते, म्हणून शहर ओरडते. नळी टाकली की हे ओरडणे थांबेल, आणि मग धरण ते रावेत हा पट्टाही रावेत ते दापोडीच्या वाटेने जायला कोण अडवणार? नळीच्या खर्चात हा तोटा कुठेही मांडलेला नसतो, कारण त्याचे बिल कुणाच्या नावाने निघत नाही.

नियम त्याला अडवतील, असे कुणी म्हणेल. नदीकाठच्या उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे नदी विनियमन क्षेत्राचे धोरण राज्याने २००० साली आणले, २००९ साली सुधारले आणि २०१५ साली रद्द केले. उरल्या पूररेषा : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. ती मोडल्यावर काय होते ते शेजारच्या इंद्रायणीकाठी, चिखलीत दिसले. तिथे निळ्या रेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार मे २०२५मध्ये पाडले गेले. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली माणसे त्या दिवशी ढिगाऱ्यापाशी उभी होती. प्लॉट विकणारा पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता.

काठ राखण्याचा भार कुणावर पडतो, हेही सांगायला हवे. निळ्या रेषेत ज्याची एकरभर जमीन आहे, त्या मावळच्या शेतकऱ्याला रेषेपलीकडच्या भावकीइतका भाव मिळत नाही. फायदा खालच्या शहराला, तोटा वरच्या एका खातेदाराला. धरणात जमिनी गेलेल्यांतल्या अनेकांचे पुनर्वसन अजून रखडले असताना त्याच खोऱ्याला पुन्हा त्याग शिकवायला जाणे मला जमणार नाही. काठच्या जमिनीवर गवत, झाड, भात ठेवल्याबद्दल वर्षाला ठरावीक मोबदला पाणीपट्टीतून द्यावा. एक हजार लिटरमागे दहा पैसे जरी यासाठी बाजूला काढले, तरी ५० कोटी लिटरवर दिवसाला पन्नास हजार आणि वर्षाला एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक रुपये जमतात. नळीच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

मावळाचे पाणी नळीतून जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांतले पाणी टाटांनी घाटाखाली खोपोलीला उतरवले आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पूर्वेला इंद्रायणीत जायचे पाणी वीज करून पाताळगंगेत गेले, ते अजून जाते. त्या विजेने मुंबई उभी राहिली हे खरे, पण इंद्रायणीच्या उगमापाशी किती पाणी राखायचे हा प्रश्न त्या काळी कुणी लिहून ठेवला नाही. आता तो विचारावा तर कुठल्या कागदावर बोट ठेवायचे?

म्हणून नळीला माझा सरसकट विरोध नाही. शहराच्या पाण्याचा काही भाग नळीतून न्या, काही नदीतून येऊ द्या. रावेतचा बंधारा पिण्यासाठी चालूच ठेवा. आणि योजनेच्या करारात एक आकडा घाला : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बेबडओहोळच्या पुलाखालून सेकंदाला किती लिटर पाणी वाहिले पाहिजे. तो आकडा पुलाच्या खांबावर रंगवून ठेवावा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही पाणी त्या खुणेला टेकले आहे की नाही ते दिसेल.