उघड्यावरचे गाणे

गाणे दिवाणखान्यातून मैदानात आले, ही गोष्ट आपल्या शिंदेशाहीतील जुन्या मंडळींना नवी नाही. ग्वाल्हेरीस हजिऱ्यात मियाँ तानसेनाच्या समाधीपाशी १९२४ साली संस्थानच्या आश्रयाने संगीत-समारोह सुरू झाला. दरबारचे गाणे ऐकावयास आमंत्रण लागे. समाधीपुढे कोणीही बसावे. आजही डिसेंबरातील या समारोहाचा आरंभ शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद यांनी होतो. तेथील चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा सुरेल होतो, अशी गवयांची समजूत. (गळ्याचे ठाऊक नाही, दात मात्र आंबत असावेत!)

१९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि गवयाचा यजमान गेला. त्याची जागा तिकीट काढणाऱ्या रसिकाने घेतली. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. पुढल्याच वर्षापासून भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूंची पुण्यतिथी गाण्याने साजरी करण्यास आरंभ केला. हे भीमसेन लहानपणी शिकण्यासाठी ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात येऊन राहिले होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. उज्जयिनीत पं. सूर्यनारायण व्यासांच्या खटपटीने १९५८ साली कालिदास समारोह उभा राहिला.

पुण्यास शाळेच्या पटांगणात हजारो माणसे सतरंज्यांवर रात्र काढीत. हे शक्य झाले ते ध्वनिक्षेपकामुळे. आणि त्याच यंत्राने शेवटी रात्र हिरावून नेली! २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातून मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळते. नियम अन्यायाचा नाही. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा मुलगा असतो. परंतु मध्यरात्रीचा मालकंस, उत्तररात्रीचा सोहनी, पहाटेचा ललत यांनी जावे कोठे? सभा दुपारी भरू लागल्यामुळे भीमपलास, मुलतानी यांना मात्र चांगले दिवस आले.

एक उपाय आपल्या घरचाच आहे. तानसेन समारोहात सकाळचीही सभा असते; शेवटच्या टप्प्यात ती तानसेनाच्या जन्मगावी, बेहटास, भरते. तशीच एखादी सभा शिप्रेच्या रामघाटावर, सूर्योदयाला, शे-दीडशे श्रोत्यांपुरती का भरू नये? दोन तानपुरे, एक तबला, पेटी. ध्वनिक्षेपक मुळीच नको. भैरव, तोडी तेवढ्या अंतरात सहज पोहोचतील.