अक्षरांमागचे आंकडे

संगणकापुढें बसून आपण एक कळ दाबतों आणि पडद्यावर 'क' उमटतो. तेव्हां साहजिकच असें वाटतें कीं, हा 'क' यंत्राच्या पोटांत कोठें तरी खिळ्यासारखा जपून ठेवलेला असावा. खिळे जुळवून छापण्याच्या काळीं छापखान्यांत तसें असे. प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा वेगळा आणि त्याचें घरही वेगळें. संगणकाजवळ मात्र अक्षर असें नसतेंच. त्याच्या स्मृतीच्या प्रत्येक कणास दोनच अवस्था ठाऊक. आपण त्यांना १ आणि ० म्हणतों. मग दोन चिन्हांतून सगळी वर्णमाला कशी निघते, हें आज पाहावयाचें आहे.

समजा, दूरच्या गच्चीवरील मित्रास दिव्यांनीं खूण करावयाची आहे. दिवा एक असला तर खुणा दोनच: पेटलेला व विझलेला. दोन दिवे असले तर खुणा चार, तीन असले तर आठ. अशा रीतीनें दर दिव्यागणिक खुणा दुप्पट होतात आणि पांच दिव्यांत त्या ३२ भरतात. फ्रेंच तारखात्यांतील एमिल बोदो यानें १८७४ सालीं जिचें पेटंट घेतलें, ती तारेची पद्धति अशा पांच स्थानांवरच उभी होती. रोमन लिपीचीं २६ अक्षरें त्यांत मावत. पण अंकांना व विरामचिन्हांना पुरेशी जागा उरत नसे, म्हणून एकाच खुणेला दोन अर्थ द्यावे लागत.

पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत 'आस्की' नांवाचा संकेत ठरला. त्यांत सात स्थानें, म्हणजे १२८ खुणा. रोमन लिपींतील मोठ्या 'ए'ला ६५ हा क्रमांक मिळाला. ६५ म्हणजे ६४ अधिक १, म्हणून यंत्रांत तो १०००००१ असा राहतो. परंतु ६५ च कां, ह्याला निसर्गांत कांहीं आधार नाहीं. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या यंत्रांत तोच 'ए' १९३ होता! यंत्राला दोन्ही सारखेच. अमुक आंकड्याला अमुक अक्षर म्हणावयाचें, हा केवळ माणसांचा करार आहे. आणि पाठविणारा व वाचणारा ह्या दोघांनीं तो पाळला, तरच मजकूर हा मजकूर राहतो.

करार नसला म्हणजे काय होतें, तें मराठी माणसानें फार जवळून पाहिलें आहे. आस्कीच्या १२८ जागांत देवनागरीला स्थान नव्हतें. तेव्हां अक्षरसाचे, म्हणजे आपण ज्यांना फॉन्ट म्हणतों ते, बनविणाऱ्यांनीं एक युक्ति काढली: क्रमांक रोमन अक्षराचा, चित्र मात्र देवनागरीचें. ज्यानें त्यानें हीं चित्रें आपापल्या सोयीनें बसविलीं. त्यामुळें एका संगणकावरचा सुबक लेख, तो साचा नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला कीं, रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसे.

ह्यावर उपाय म्हणून भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं 'इस्की' हा संकेत प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना एकाच यादींत गुंफूं पाहणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ति निघाली. आज त्यांत दीड लाखांहून अधिक चिन्हें आहेत. देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंतचा असून, त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. त्यांत 'क' २३२५, 'ल' २३५४ आणि आपला 'ळ' २३५५.

ह्या मांडणींतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. 'शिव' लिहितांना वेलांटी 'श'च्या आधीं येते. संगणक मात्र आधीं 'श' (२३५८), मग वेलांटी (२३६७) आणि मग 'व' (२३५७) असे आंकडे ठेवतो. डोळ्यांना दिसणारा क्रम सोडून त्यानें उच्चाराचा क्रम धरला आहे. 'क्ष'लाही वेगळा आंकडा नाहीं. 'क', त्याचा पाय मोडण्याची खूण आणि 'ष' असे तीन आंकडे एकामागून एक येतात. त्यांचें जोडाक्षर घडविणें हें साच्याचें काम.

मराठीची एक लकबही येथें सांभाळली गेली आहे. 'आचार्यांना बोलवा' म्हटलें तर गुरुजी येतील. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलें तर स्वयंपाकी! भेद एका अर्ध्या 'र'चा. 'ऱ' ह्याला २३५३ हा स्वतंत्र क्रमांक असल्यामुळें तो यंत्रांतही टिकतो.

जीर्ण कागदावरचें मोडी अक्षरसुद्धां जाणकाराला लावतां येतें, कारण तेथें निदान अक्षर तरी डोळ्यांपुढें असतें. आंकड्यांचा करार हरवला, तर मागें नुसते आंकडेच उरतात. ज्या घरांत वडिलांच्या कविता, संस्थेचीं इतिवृत्तें किंवा कुलवृत्तान्त जुन्या साच्यांत टंकलेले असतील, त्यांनीं तो साचा असलेलें यंत्र चालूं आहे तोंवरच तें लेखन युनिकोडमध्यें उतरवून घ्यावें, आणि एकदां मूळ प्रतीशीं ताडून पाहावें.