शनिवारी थांबणारा घाणा

लखनौच्या चारबाग स्टेशनापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर मलिहाबाद आहे. दशहरी आंब्यांचं आणि जोश मलिहाबादींचं गाव. तिथले आफ्रिदी पठाण आपलं मूळ बनी इस्राईल, म्हणजे इस्राएलच्या वंशात सांगतात. पठाणांच्या या परंपरेला लेखी आधारही आहे. जहांगीर बादशहाच्या काळात नियामतुल्लाहने फारसीत ‘मखजन-ए-अफगाणी’ लिहिला आणि त्यात अफगाणांचा वंश थेट बायबलमधल्या शौल, म्हणजे तालूत राजापर्यंत नेऊन भिडवला. वंशावळ कागदावर आहे, धर्म मात्र पूर्ण इस्लामचा.

आता कोकणात या. अलिबाग तालुक्यात याच्या बरोब्बर उलट घडलं. इथल्या बेने इस्राएल लोकांजवळ शतकानुशतकं वंशावळ नव्हती, धर्मग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता, हिब्रू वाचणारा माणूस नव्हता. तरीही ते ज्यू राहिले. हे जमलं कसं?

मध्ययुगातला ज्यू वारसा बघायला युरोपात माणसं प्रागला जातात आणि 1270 च्या सुमारास बांधलेल्या सिनेगॉगसमोर उभी राहतात. अलिबागला एका दिवसाची फेरी काढाल तर तितकी जुनी भिंत कुठेच सापडणार नाही. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग 1842 चं, अलिबागचं मागेन अबोथ 1848 चं, तेही 1910 मध्ये नव्याने बांधलेलं. सगळ्या बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग मुंबईतलं, 1796 चं. सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या देशी अंमलदाराने ते उभारलं. त्याआधी काय होतं, हे बघायचं असेल तर सोबत जाणता वाटाड्या हवा, कारण बघायची गोष्ट दगडात नाही. ती वारांत आहे, आडनावांत आहे, स्वयंपाकघरात आहे. आणि अलीकडे कळलं, रक्तातही आहे.

गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरलं की पहिला थांबा नवगाव. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. परंपरा सांगते की याच खडकाळ पाण्यात एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. वाहून आलेली प्रेतं नवगावात पुरली. या जागेवर आता स्मारकस्तंभ आहे. जहाज कधी फुटलं? समाजातले जुने लोक इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक सांगतात. तो आकडा मनात ठेवा, पुढे त्याची गाठ एका वेगळ्याच घड्याळाशी पडणार आहे.

वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात धंदा धरला तेलाचा. घाण्यावर तीळ, खोबरं गाळायचं आणि गावात तेल विकायचं. गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं, कारण शनिवारी यांचा घाणा बंद! शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सोडायचा, तो दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत जुंपायचा नाही. शेजारच्या हिंदू तेल्यांचा घाणा सोमवारी थांबायचा, महादेवाचा वार म्हणून. मला वाटतं, इथेच या समाजाच्या टिकण्याचं अर्धं रहस्य आहे. ज्या गावात प्रत्येक जातीचा एक पाळायचा वार असतो, तिथे एखादी जात शनिवार पाळते याचं कुणाला नवल वाटणार? कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही.

पण जरा थांबून विचार करा. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला. पंचांग नाही, पुस्तक नाही. तरी कोकणातला शनिवार आणि बगदादमधल्या ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, एकाच दिवशी पडत होता. एका पिढीने जरी एक दिवस मोजायला चुकवला असता, तर सगळा हिशेब कायमचा सरकला असता. तो सरकला नाही, कारण सात वारांचं तेच चक्र शेजाऱ्यांच्या घरातही फिरत होतं. मध्य प्रदेशात एरणला गुप्तकाळातला इ.स. 484 चा लेख आहे, त्यात गुरुवार कोरलेला आहे. वारांची ही माळ पश्चिम आशियापासून कोकणापर्यंत एकसंध होती. म्हणजे बेने इस्राएलांचा शब्बाथ त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांनीही सांभाळला, नकळत!

सणांचं तर याहून विलक्षण आहे. हिब्रू नावं विसरली गेली, सण उरले आणि त्यांना मराठी नावं मिळाली. वर्षारंभ झाला ‘नव्याचा सण’. योम किप्पूर, वर्षातला सर्वांत कडक उपास, झाला ‘दरफाळणीचा सण’. त्या दिवशी दारं लावून घरातच बसायचं, परक्याला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोकदिवस झाला ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. वल्हांडणाला खमीर वर्ज्य असतं, आंबवलेलं काही चालत नाही. कोकणात त्या सणाचं नाव पडलं ‘अनाशी ढाकायचा सण’: अनास नावाच्या आंबट पातळ चटणीचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. इजिप्तमधून सुटका, मोशे, फाटलेला समुद्र, सगळी कथा विसरली गेली होती. पण वर्षाच्या त्याच दिवसांत आंबट भांड्यावर झाकण मात्र पडत होतं. कारण हरवलं आणि कृती राहिली!

पाठ एकच उरला होता: ‘शेमा’ या प्रार्थनेची हिब्रू ओळ. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, तीच म्हणायची.

मग एक दिवस दाविद रहाबी आला. तो कोण, केव्हाचा, यावर मतं वेगळी आहेत. कुणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतं, कुणी अठराव्या शतकातला कोचीचा. समाजात सांगितली जाणारी कथा अशी: शनिवार पाळणारे, मुलांची आठव्या दिवशी सुंता करणारे हे तेली पाहून त्याला शंका आली. खात्री करण्यासाठी त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. टोपलीत सगळ्या जातीची मासळी मिसळलेली होती. बायकांनी पंख आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. तोरेत, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, नेमका हाच नियम आहे: पंख आणि खवले दोन्ही हवेत. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली. त्यांना लोक काजी म्हणत. कोकणच्या किनाऱ्यावर बसून विचार करा, ही परीक्षा किती अवघड आहे! कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या ज्या किनाऱ्यावर घरोघरी शिजतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हात न लावणं म्हणजे काय असेल.

अलिबागच्या इस्राएल आळीत शिरलात की आडनावांकडे लक्ष द्या. नवगावकर, किहीमकर, झिराडकर, पेझारकर, रोहेकर, आष्टमकर, पेणकर, दिवेकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. एकेक आडनाव म्हणजे एकेक गाव. कागदावर खुणा करत गेलात तर रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. समाज एका वस्तीत गोळा होऊन राहिला नाही, गावागावांत दोन-चार घरं करून विखुरला. गावाला तेली लागतो, पण दहा लागत नाहीत.

या विखुरलेल्या माणसांची बातमी बाहेर कुणाला होती का? होती, असं दिसतं. इ.स. 1200 च्या आसपास इजिप्तमधून एक पत्र दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या विद्वानांना गेलं. लिहिणारा मूसा बिन मैमून, म्हणजे मायमोनिडीस, मध्ययुगातला सर्वांत मोठा ज्यू पंडित. त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दल तो ओझरतं सांगतो की त्यांना धर्मशास्त्र ठाऊक नाही, शब्बाथ आणि सुंता एवढंच ते पाळतात. गावाचं नाव पत्रात नाही. पण शनवार तेल्यांचं याहून नेमकं वर्णन कोण करणार? मायमोनिडीसला हिंदुस्थान परका नव्हता. त्याचा धाकटा भाऊ दाविद हिंदुस्थानच्या व्यापारावर सगळं घर चालवायचा आणि याच समुद्रात बुडून गेला. त्या धक्क्याने मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळला होता.

तो राहायचा त्या फुस्तातमध्ये, जुन्या कैरोत, बेन एझ्रा सिनेगॉगची एक खोली होती. देवाचं नाव ज्यावर असू शकेल असा कागद फाडायचा-जाळायचा नाही, म्हणून लोक जुने कागद तिथे टाकत. त्यात हिशेब, भांडणं, पत्रं, सगळं असायचं. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी तिथून सुमारे 1,90,000 तुकडे केंब्रिजला नेले. त्यातून हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या ज्यूंची आख्खी दुनिया बाहेर आली. त्यांतला एक अब्राहाम बेन यीजू. 1132 मध्ये मंगळूरला त्याने आशू नावाच्या स्थानिक दासीला मुक्त केलं, तो दस्त आजही वाचता येतो. तिच्याशीच त्याने संसार केला. परदेशी नवरा आणि किनाऱ्यावरची बायको.

फेरीचा शेवटचा टप्पा चौल-रेवदंडा. अरबांचं सैमूर ते हेच. इ.स. 916 च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझाच्या राज्यात सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादकडच्या मुसलमानांची सुमारे दहा हजारांची वस्ती त्याने नोंदवली. वाटेत आक्षीलाही उतरा. शिलाहार केसिदेवाच्या नावाचा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक शिलालेख तिथे आहे. जो किनारा बगदादशी बोलत होता, तोच किनारा दगडावर मराठी लिहायला शिकत होता.

आणि आता ते घड्याळ. 2016 मध्ये तेल अवीव आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 18 बेने इस्राएल व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन निष्कर्ष निघाले: या लोकांत पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वारसा खरोखरच आहे आणि भारतीय वारसाही मोठा आहे. मिश्रण केव्हा झालं, हे मात्र कसं कळणार? लाल पाठीचा एक पत्त्यांचा कॅट आणि निळ्या पाठीचा दुसरा, एकावर एक ठेवा. पहिल्यांदा पिसाल तेव्हा लालचे आणि निळ्याचे मोठमोठे गठ्ठे राहतील. पिसत गेलात की गठ्ठे बारीक होत जातील. आता कुणी पिसलेला कॅट तुमच्या हाती दिला, तर गठ्ठ्यांच्या जाडीवरून तो किती वेळा पिसला ते सांगता येईल! गुणसूत्रांचंही असंच. प्रत्येक पिढीत आईबापांकडून आलेले तुकडे नव्याने मिसळतात. तुकड्यांची लांबी मोजली आणि उत्तर आलं: 19 ते 33 पिढ्या. म्हणजे साधारण 650 ते 1050 वर्षं.

दहावं ते चौदावं शतक. मसूदीचं चौल, बेन यीजूची आशू, मायमोनिडीसचं पत्र, 1290 ची ज्ञानेश्वरी, सगळं याच काळात. इसवी सनापूर्वीच्या जहाजाची परंपरा त्याने खोटी ठरत नाही. डीएनए मिश्रणाची वेळ सांगतो, आगमनाची नाही. पण कोकणातलं ज्यू घर जसं आपण ओळखतो, तसं ते घडलं मध्ययुगातच.

या अभ्यासातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यू वारसा प्रामुख्याने बापांकडून आला आणि भारतीय वारसा प्रामुख्याने आयांकडून. म्हणजे बाहेरून आलेले होते ते मुख्यतः पुरुष आणि चूल सांभाळणाऱ्या बहुतेक याच मातीतल्या मुली. सासरी आल्यावर त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी चूल विझवायला शिकून घेतलं, अनासाचं भांडं झाकायला शिकून घेतलं आणि लहानपणी माहेरी खाल्लेली चिंबोरी सोडली. मुलींना शिकवलं, त्यांनी त्यांच्या मुलींना शिकवलं. पुस्तक पुरुषांच्या हातून गेलं होतं. रहाबीने टोपली बायकांपुढे ठेवली, त्या बायका म्हणजे याच मुलींच्या लेकी, नाती आणि पणत्या.