गावची पहार, गावचा पाना

पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा पाहायला मुंबई-नाशिककडची पुष्कळ माणसे येतात. पाणी पाहतात आणि संध्याकाळी परत जातात. आपली अडचण त्यांच्या नजरेस पडत नाही. ऐन आवणीत कुदळीचा दांडा मोडला, तर जव्हारचा बाजार वीसेक किलोमीटरवर. जायचे, यायचे, गाडीभाडे द्यायचे, दिवस गेला. राबातली रोपे तेवढ्यासाठी थांबत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गावात दुसरी कुदळ नाही का? आहे की! पण आवणीत ती ज्याची त्याला हवी असते. आणि उन्हाळ्यात बांध घालायचा म्हणून पहार मागायला जावे, तर दाराला कुलूप. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि भिवंडी-वसईकडे कामाला जातात. पहार घरात, मालक भट्टीवर!

एकमेकांच्या कामाला जाणे आपल्याला नवे नाही. इर्जिकीत शेत एकाचे, नांगर दहांचे, आणि मोबदला म्हणजे पोटभर जेवण. लोहार-सुतारांचे बलुते ठाऊक आहेच. त्यात जातीचे जोखड होते, ते गेले हे बरे झाले. पण त्यातली एक खुबी ध्यानात घ्या. सुगीला धान्य मिळे आणि दुरुस्ती वर्षभर करावी लागे. त्यामुळे फाळ टिकाऊ झाला तर लोहाराचेच श्रम वाचत.

मग गावाचे एक अवजारघर का असू नये? अमेरिकेत बर्कली गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ साली पुस्तकांसारखी अवजारेही उसनी द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली, एक वही आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर भागेल. मात्र विळे तिथे ठेवू नका. विळा सगळ्यांना एकाच दिवशी लागतो, म्हणून तो घरोघरीच हवा. जे क्वचित लागते आणि महाग पडते ते ठेवा: पहार, मोठी करवत, गिरमिट, शिडी, जाड दोर, पाइपाचे पाने. वहीत नाव, नेल्याची तारीख आणि नेताना वस्तू कशी होती ते लिहा. हे शेवटचे विसरले की भांडण ठरलेले. झिजले तर खर्च गावाचा, निष्काळजीपणे मोडले तर नेणाऱ्याचा, हे आधीच सभेत ठरवून घ्यावे.

पण नुसती देवघेव केली तर वर्षाच्या आत मोडक्या वस्तूंचा ढीग होईल. म्हणून दुरुस्ती शिकवायला हवी. दांडा ढिला झाला की आपण कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगते, दांडा घट्ट वाटतो. वाळले की पुन्हा आकसते आणि पाते निसटून कुणाच्या तरी अंगावर जाते. त्याऐवजी सुकलेल्या, सरळ रेषेच्या लाकडाचा दांडा घ्या आणि वरून पाचर ठोका. धार लावताना कानस पुढे जाताना दाबावी, मागे घेताना उचलावी. रेटून मागे ओढली तर कानसेचेच दात जातात. विजेच्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत धरू नका. लोहाराने दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

गुरुजी, बाई, इथे तुमचे काम आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांत मुले आठवड्यातला एक दिवस जोडकाम, शेती, वीज अशी कामे करतात आणि गावाची कामे पैसे घेऊन करून देतात. पैसे घेणे मला महत्त्वाचे वाटते. फुकटच्या कामाला गाव चूक दाखवत नाही. पैसे मोजले की दाखवते, आणि मूल शिकते.

शेवटी हातपंपाविषयी. पाऊस एवढा पडूनही वैशाखात आपल्या बाया हंडे घेऊन किती चालतात, हे मी सांगायला नको. सोलापूर पंपावरून बेतलेला इंडिया मार्क दोन हा पंप १९७० च्या दशकात तयार झाला आणि पुढे देशभर पसरला. तो मजबूत आहे, पण आतला चामडी किंवा रबरी वायसर झिजला की सगळा पाइप वर काढावा लागतो. त्याला साधने आणि चार जाणती माणसे लागतात. मार्क तीनमध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या पाइपातूनच वर ओढून वायसर बदलता येतो. गावातली दोन मुले, दोन मुली हे शिकू शकतात. तेव्हा आधी आपल्या गावचा पंप कोणता ते पाहून घ्या, आणि त्याच्या मापाचे वायसर होळीच्या आधी अवजारघराच्या पेटीत आणून ठेवा.