मार्गसाहाय्य संघ व टोइंग व्यवसाय
मार्गसाहाय्य संघ व टोइंग व्यवसाय : प्रवासात बंद पडलेल्या मोटारगाडीस जागेवर मदत मिळवून देण्याची हमी वार्षिक वर्गणीच्या मोबदल्यात देणाऱ्या संस्थेस मार्गसाहाय्य संघ किंवा मोटार क्लब असे म्हणतात; तर अशी गाडी खास बनावटीच्या ट्रकाने ओढून अथवा वाहून नेण्याचा धंदा म्हणजे टोइंग व्यवसाय होय. गाडीमालकाचा करार संघाशी असतो. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचणारा ट्रक बहुधा एखाद्या स्वतंत्र टोइंग कंपनीचा असतो. अशा रीतीने वचन एकाने द्यावयाचे व ते दुसऱ्याने पाळावयाचे, अशी या व्यवस्थेची रचना आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर विकसित झाली असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे तेथील परिस्थितीचा विचार केला आहे.

इतिहास : ४ मार्च १९०२ रोजी शिकागो येथे नऊ स्थानिक मोटार क्लबांनी एकत्र येऊन ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ (ट्रिपल ए) हा महासंघ स्थापन केला. त्या वेळी या क्लबांची एकूण सभासदसंख्या सु. १,५०० होती. चांगले रस्ते व न्याय्य वाहतूक नियम यांसाठी प्रयत्न करणे, हा आरंभीचा प्रमुख हेतू होता. १९१५ मध्ये सेंट लुइस येथे मिसूरीच्या मोटार क्लबाने पाच मोटारसायकलस्वारांचे एक पथक रस्त्यावर पाठविण्यास सुरुवात केली. अडलेल्या वाहनचालकास जागेवर किरकोळ दुरुस्ती करून देणे हे या पथकाचे काम होते. संघटित मार्गसाहाय्याचा आरंभ येथून मानला जातो.

याच सुमारास, १९१६ मध्ये, टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स याने एका कॅडिलॅक गाडीवर तीन खांब, कप्पी व साखळी बसवून पहिला टोइंग ट्रक तयार केला. पुढे त्याने अशा ट्रकांचे उत्पादनच सुरू केले. चॅटनूगा येथे या व्यवसायाचे संग्रहालय असून कामावर असताना मृत्यू पावलेल्या टोइंग चालकांचे स्मारकही तेथे आहे. मोटारगाड्यांची संख्या वाढत गेली, तसे प्रत्येक गावी स्वतःचे ट्रक ठेवणे क्लबांना परवडेना. त्यांनी स्थानिक गॅरेजांशी करार केले व त्यांतूनच आजची कंत्राटपद्धती उदयास आली.

कार्यपद्धती : महासंघातील प्रादेशिक क्लब आपापल्या क्षेत्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक वा अनेक टोइंग कंपन्या नेमतात. काही क्लब मोठ्या शहरांत स्वतःचे ट्रकही बाळगतात. सभासदाचा निरोप प्रथम क्लबाच्या नियंत्रण केंद्राकडे येतो. तेथून तो विभागातील कंपनीकडे जातो व कंपनी जवळचा चालक रवाना करते. पूर्वी हे काम दूरध्वनी व बिनतारी यंत्रणेवर चाले. आता ते संगणक व मोबाइल फोन यांच्या द्वारे होते. त्यामुळे ट्रक कोठे आहे व किती वेळात पोहोचेल, हे क्लब व सभासद या दोघांनाही दिसू शकते.

सभासदाला वर्षातून सामान्यपणे चार वेळा मदत मागता येते. मूळ वर्गणीत काही मैलांपर्यंतच गाडी विनामूल्य नेली जाते. अधिक वर्गणी भरल्यास ही मर्यादा १०० मैल वा त्याहून जास्त असते. बॅटरीला जोड देणे, पंक्चर झालेले चाक बदलणे, इंधन पोहोचविणे व किल्ली आत राहिलेली गाडी उघडून देणे ही कामेही सेवेत मोडतात. त्यांना ओढणीचा ट्रक लागत नसल्याने क्लब ती शक्यतो लहान गाड्यांकडून करून घेतात.

गाडी नेण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत : आकडा व साखळी लावून ओढणे, पुढील वा मागील चाके उचलून ओढणे आणि सपाट पाटा असलेल्या ट्रकावर संपूर्ण गाडी चढवून नेणे. चारही चाकांना गती देणाऱ्या व विजेवर चालणाऱ्या गाड्यांची चाके जमिनीवर फिरत राहिल्यास यंत्रणेस इजा होण्याचा संभव असतो. म्हणून तिसऱ्या प्रकाराची गरज वाढत गेली. असा ट्रक महाग असतो व त्याचा भार कंत्राटदारावर पडतो.

आर्थिक संबंध : क्लबाचे उत्पन्न वर्गणीच्या रूपाने आगाऊ येते, तर खर्च प्रत्येक मदतीमागे होतो. या दृष्टीने हा व्यवहार विम्यासारखा आहे व काही राज्यांत मोटार क्लबांचे नियमन विमा कायद्याखालीच होते. दर मदतीचा खर्च कमी राखण्यात क्लबाचे हित असते. उलट कंपनीचे उत्पन्न त्याच खर्चातून निघते. सर्वसाधारण करारात प्रत्येक कामासाठी ठराविक रक्कम व ठरीव अंतरापलीकडे दर मैलाला आकार, अशी रचना असते. समजा, ट्रक १० मैल रिकामा गेला, गाडी ५ मैल ओढली व १२ मैल रिकामा परतला, तर एकूण २७ मैलांपैकी ओढणीचे मैल फक्त ५ भरतात. रिकाम्या मैलांचा मोबदला मिळतो की नाही, यावर त्या कामातील नफा-तोटा अवलंबून राहतो. ट्रक पोहोचण्यापूर्वीच सभासद निघून गेल्यास कंपनीला अंशतःच मोबदला मिळतो.

असे असूनही कंपन्या करार स्वीकारतात, याचे कारण कामाचे सातत्य होय. रोख पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून वा पोलिसांच्या पाळीच्या यादीतून येणाऱ्या कामात दर अधिक मिळतो. पण ते केव्हा येईल याचा नेम नसतो. क्लबाचे काम रोज येते व त्यावर चालकांचे वेतन आणि ट्रकांचे हप्ते भागविता येतात. मात्र एकाच क्लबावर विसंबणाऱ्या कंपनीची सौदाशक्ती क्षीण होते. काम नाकारल्यास, पोहोचण्यास उशीर झाल्यास किंवा सभासदाने प्रतिकूल अभिप्राय दिल्यास कंपनीची प्रतवारी घसरते व पुढील कामे दुसऱ्याकडे वळविली जाण्याची शक्यता असते. कडाक्याच्या थंडीत व हिमवादळात मागणी एकाएकी वाढते. अशा वेळी कमी दराच्या क्लब-कामाऐवजी रोखीचे काम आधी घेण्याचा मोह कंपनीस होतो आणि सभासदाला ताटकळत राहावे लागते. तक्रार क्लबाकडे जाते, पण विलंबाचे मूळ बहुधा दरातच असते.

मोटार विमा कंपन्या व मोटार उत्पादक हेही आपल्या ग्राहकांना मार्गसाहाय्य देतात. त्यांच्या वतीने कामे वाटणाऱ्या मध्यस्थ कंपन्या स्वतःचे ट्रक सहसा बाळगत नाहीत. मध्यस्थाची भर पडल्याने प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या वाट्याला येणारी रक्कम आणखी घटते, अशी टोइंग व्यावसायिकांची तक्रार असते.

कायदेशीर स्थिती : १९९४ च्या एका संघीय अधिनियमाने मोटारवाहतूकदारांचे दर, मार्ग व सेवा यांवर नियमन करण्यास राज्यांना व स्थानिक संस्थांना मनाई केली. टोइंग कंपन्याही तीत येतात. मालकाच्या संमतीवाचून ओढलेल्या गाडीच्या दराबाबत १९९५ मध्ये अपवाद करण्यात आला. सुरक्षिततेविषयीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला व तो नगरपालिकांकडे सोपविता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कोलंबस शहराच्या खटल्यात दिला. क्लबामार्फत होणारी ओढणी संमतीची असल्याने तिचा दर मुख्यतः करारानेच ठरतो.

कंत्राटदाराचा चालक हा क्लबाचा नोकर नव्हे, अशी क्लबांची भूमिका असते. गाडीस इजा झाली किंवा अपघात घडला, तर दायित्व कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. करारात सामान्यपणे कंपनीने विमा उतरविण्याची अट असते. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये नोकर व स्वतंत्र कंत्राटदार यांतील भेद ठरविणारा कडक कायदा केला. त्यात मोटार क्लबांना सवलत आहे, परंतु सेवा देणारी कंपनी हा खरोखरच वेगळा व स्वतंत्र व्यवसाय असल्याचे क्लबाने दाखवून द्यावे लागते.

सुरक्षितता : वेगवान रहदारीलगत वाकून साखळी अडकविणे वा चाक बदलणे हे अत्यंत जोखमीचे काम आहे. ट्रिपल ए महासंघाच्या वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानाच्या संशोधनानुसार २०१५ ते २०२१ या काळात मार्गसाहाय्य देणाऱ्या १२३ व्यक्ती जाणाऱ्या वाहनांची धडक बसून मृत्युमुखी पडल्या. राष्ट्रीय अपघात नोंदींत दिसणाऱ्या संख्येच्या ही जवळजवळ चौपट आहे. थांबलेल्या मदतवाहनाजवळ वेग कमी करावा व शक्य तर लगतची मार्गिका सोडावी, असे कायदे सर्व पन्नास राज्यांत आहेत. या कायद्यांत टोइंग ट्रकांचा समावेश व्हावा यासाठी क्लब व टोइंग कंपन्या यांनी दराचा वाद बाजूस ठेवून एकत्र प्रयत्न केले. तथापि ‘अमुक मिनिटांत पोहोचा’ ही करारातील अट चालकाच्या घाईस व पर्यायाने धोक्यास कारण होऊ शकते.

इतर देश : ब्रिटनमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ने पगारी गस्ती कारागिरांवर भर दिला, गाडी ओढून नेण्यापेक्षा ती जागेवर दुरुस्त करणे हे तेथील पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. जर्मनीतील ‘आडाक’ या संघाने १९५४ मध्ये रस्ता-गस्त सुरू केली. तिच्या पिवळ्या गाड्यांवरील कारागिरांना लोक ‘पिवळे देवदूत’ म्हणतात. तेथेही गस्तीच्या जोडीला कंत्राटदार कंपन्या काम करतात.

भारतात मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ (स्थापना १९१९) ही सभासदांना अशी मदत पुरविणारी जुनी संस्था आहे. अलीकडे मार्गसाहाय्य हे मोटार विम्यास जोडून किंवा नव्या गाडीबरोबर मोठ्या प्रमाणावर विकले जाते. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते व पथकर मार्गांवर क्रेन ठेवण्याची जबाबदारी मार्गचालकांवर असते. विमा कंपनी वा उत्पादक, मध्यस्थ आणि स्थानिक क्रेनमालक अशी साखळी येथेही तयार झाल्याने दर, विलंब व दायित्व यांविषयीचे अमेरिकेतील अनुभव भारतासही उपयुक्त आहेत.