मार्च एंड होऊ दे!

'ताई, बिलं टेबलावर ठेवलीत, मी निघालो.'

2022 च्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बिलिंगचं काम बघते. माझ्या हाताखालची अगदी लाडकी मुलगी हे म्हणाली आणि माझा कॅल्क्युलेटरवरचा हात थांबला. इंग्रजी बोलणाऱ्यांचं बरं असतं हो, 'निघाले' की 'निघालो' कळतच नाही. आपल्या मराठीत क्रियापदच चहाडी करतं! कोल्हापूरकडच्या बायका 'आलो, गेलो' म्हणतात, तसलं काही असेल म्हणून मी सोडून दिलं. पण ही तर उरणची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच सगळं कळलं. आपण मुलगी नाही हे लहानपणापासून आतून ठाऊक होतं. डॉक्टर झाले होते, आईला सांगून झालं होतं. आता ऑफिसात सांगायचं होतं आणि ऑपरेशनसाठी रजा हवी होती. यापुढे मी 'तो' असंच लिहिणार आहे. त्याने माझ्याकडे तेवढंच तर मागितलं होतं.

आणि मी काय म्हणाले? 'अगं, मार्च एंड होऊ दे!'

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्याची किळस आली नव्हती. भीती वाटली. साहेबांना काय सांगू? एवढी बिलं कोण काढणार? मार्च गेला, मग ऑडिट आलं. मेमध्ये दुसरी एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिला मी एकदाही 'थांब' म्हटलं नाही.

जूनमध्ये एक दिवस त्याने माझ्यापुढे वर्तमानपत्राचं जुनं कात्रण ठेवलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचं. महिला शिपाई म्हणून, ललिता या नावाने ते भरती झाले होते. तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, नंतरही नोकरीत राहू द्या म्हणाले. खात्यापुढे पेच पडला, कारण भरतीत बायकांच्या आणि पुरुषांच्या उंचीचे निकष वेगळे! अर्ज नाकारला गेला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. अखेर मे 2018 मध्ये परवानगी मिळाली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. मग ते पुन्हा खाकी घालून कामावर हजर झाले. (2020 मध्ये त्यांचं लग्न झालं, 2024 मध्ये मुलगाही झाला.)

'त्यांचं डॉक्टरी कारण वेगळं, माझं वेगळं,' तो म्हणाला, 'पण अर्ज रजेचाच ना, ताई?'

त्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांचे प्रश्न दोनच: मस्टरवर नाव कोणतं, आणि बाथरूम कोणतं? 2019 साली संसदेने केलेल्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायचा नाही, तक्रार ऐकायला प्रत्येक आस्थापनेत एक अधिकारी नेमायचा, असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हताच.

सहा आठवड्यांची रजा मिळाली, बिनपगारी. प्रमाणपत्र रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं होतं, पण अर्ज ऑनलाइन भरता आला, अलिबागच्या खेपा वाचल्या. मग आधार, पॅन आणि पीएफ. नाव सगळीकडे सारखं नसेल तर पीएफचे पैसे अडकतात, तेव्हा ते काम मी स्वतः पाठपुरावा करून घेतलं. बाथरूमसाठी वॉचमनच्या केबिनमागच्या संडासाची किल्ली मिळाली. हा काही तोडगा नव्हे, हे मलाही कळतं.

डिस्पॅचवाले हसले, त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, 'म्हणजे इतके दिवस हा आपल्या बाथरूममध्ये येत होता!' ते मात्र लागलं त्याला. ज्यांच्याबरोबर चार वर्षं डबा खाल्ला, त्या बोलल्या. त्यातली एक आता बोलते, दुसरी अजून नाही.

पनवेल एसटी स्टँडसमोरून आमची कंपनीची बस सुटते. पुढच्या दोन रांगा बायकांच्या. तो पूर्वी माझ्या शेजारी बसायचा, आता मागे जातो. अजून कधीतरी माझ्या तोंडून 'अगं' निघतं. मग तो मागूनच ओरडतो, 'अरे म्हणा, ताई!'

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याने चार दिवस सुट्टी मागितली, मावसबहिणीच्या लग्नासाठी. म्हटलं, 'अरे, वेडा आहेस का? मार्च एंड आहे!' दोनच दिवस दिले. कुरकुरत गेला.